सोमवारचा आरसा

“मालकांचे स्वतःचे दात होते का हो?”

हा प्रश्न मी विचारला. म्हणजे तोंड माझं, पैज हेड्डाची आणि विंताची. बुधवारी आमची नववीची आख्खी तुकडी संग्रहालयाच्या खालच्या दालनात उभी होती, आगकाड्यांच्या गुलाचा वास दीडशे वर्षांनीही त्या भिंतींतून गेलेला नाही, आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या गुनवोर आम्हांला वेनेर्दाल निधीचं कार्य समजावून सांगत होत्या. हेड्डा मागून कोपरानं ढोसत होती, “विचार ना, भित्री कुठली. नाही विचारलंस तर शनिवारी मिळणाऱ्या गोड गोळ्यांची आख्खी पिशवी आमची.” गोळ्यांचं मला काही नव्हतं. पण भित्री कोण म्हणतं! तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत होते मी भित्री. आता नाही. म्हणून विचारलं, तेही हात वर करून, चांगल्या खणखणीत आवाजात. गुनवोर जराही गडबडल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना वर्षातून चारदा तरी येत असणार. “होते तर!” त्या म्हणाल्या, “बत्तीसच्या बत्तीस. ऐंशीव्या वर्षीसुद्धा नाताळात अक्रोड दातांनी फोडायचे आणि टरफलं ताटाच्या कडेनं ओळीत मांडायचे.” सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला दिसलं, की दालनातले झाडून सगळे हात एकदम वर गेले आहेत. सव्वीस पोरं, दोन शिक्षक, तिकीट फाडणारा म्हातारा बेंग्ट आणि खुद्द गुनवोर, सगळ्यांनी पालथी मूठ ओठांवर धरली होती. एकटी विंता तोंड उघडं टाकून, मान मागे करून हसत होती. आणि माझा स्वतःचा उजवा हात, मी काही न सांगता, तोंडापुढे येऊन थांबला होता. एखाद्या पाळीव जनावरासारखा.

तो हात मी खाली घेतला, पण तो माझा आहे असं काही मला वाटेना. माझ्या दातांवरची तार निघून उणेपुरे तीन आठवडे झाले होते. अडीच वर्षं मी ओठ मिटून जगले, सफरचंदाच्या फोडी करून खाल्ल्या, वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहिले. आणि मग एका मंगळवारी ती तार निघाली आणि जीभ नव्या दातांवरून अशी फिरायला लागली, जशी हिवाळा संपल्यावर कुत्री तळ्याकाठी पळतात. त्या दिवशी मी दुकानदाराकडे बघून हसले, बसच्या ड्रायव्हरकडे बघून हसले, आणि ड्रायव्हर आमचे बाबाच असल्यामुळे ते म्हणाले, “तुवा, बस कर, प्रवासी घाबरतील.” मला वाटलं होतं, संपलं ते झाकणं. आता मी उघडी. मग हा हात कुणाचा? तारेच्या आधी, मी सात वर्षांची असताना, दुधाचा दात पडला तेव्हाही मी असाच हात धरायचे का? आई धरते. आई हसते तेव्हा आधी हात जातो, मग हसू येतं. तिची आईही तशीच हसायची, आणि आमच्याकडचे लग्नाचे सगळे फोटो बघितले तर वाटेल की या गावात लग्न ही फार गंभीर गोष्ट आहे. विंतानंच हे पहिल्यांदा दाखवून दिलं होतं. तिचे आईवडील इरिट्रियाहून आले, ती इथेच जन्मली, पण हसणं तिनं घरून आणलं. पाचवीत असताना ती मला म्हणाली होती, “तुमच्या हेस्लेविकमध्ये सगळ्यांना कसलं गुपित आहे गं तोंडात?” तेव्हा मी तिला चिमटा काढला होता. बुधवारी मात्र ते वाक्य माझ्या पाठीतून खाली उतरत गेलं.

आमच्याकडे सगळ्यांना नावानं हाक मारायची पद्धत आहे, मुख्याध्यापकांना, डॉक्टरला, चर्चमधल्या पाद्रीबाईंनासुद्धा. एकाच माणसाला आम्ही नावानं हाक मारत नाही, आणि तो मरून जवळजवळ शंभर वर्षं झाली. गॉटफ्रिड वेनेर्दाल म्हणजे मालक. मालकांचा पुतळा, मालकांची शाळा, मालकांची घरं. एका गरीब पाद्र्याचा सातवा मुलगा. लहानपणी खिशातल्या काड्या खिशातच पेटल्या आणि मांडी भाजली. त्या काळच्या काड्या कशावरही पेटायच्या, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, नुसत्या एकमेकींवर. तो डाग घेऊन ते मोठे झाले आणि एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी असं काही मिश्रण बनवलं की पेटवणारा मसाला काडीवर नको, पेटीच्या कडेला. काडी एकटी निरुपद्रवी, पेटी एकटी निरुपद्रवी. दोघी भेटल्या तरच जाळ. त्याचं त्यांना पदक मिळालं. काड्या तासणारं यंत्र त्यांचं, पेट्या दुमडणारं यंत्र त्यांचं. शाळेत आम्ही हे इतक्यांदा शिकलो आहोत की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. जे शिकलो नाही ते विंतानं बुधवारी परतीच्या वाटेवर विचारलं. ओढ्याच्या पुलावर आम्ही तिघी थांबलो होतो, बर्चच्या झाडांना नुकती पानं फुटली होती, उंदराच्या कानाएवढी. पलीकडे जुन्या बुडवणी-घराच्या विटा दिसत होत्या, तिथे बायका काड्यांची टोकं मसाल्यात बुडवायच्या. ती म्हणाली, “त्यांनी बिनधोक काडी शोधली ना? मग हे पलीकडचं घर त्यानंतर पंचवीस वर्षं कसं चालू राहिलं? पाटीवर तारीख आहे, मी वाचली.” हेड्डा म्हणाली, “ते परदेशासाठी होतं. हत्तीच्या चित्राची पेटी, बघितलीस ना कपाटात? तिकडच्या लोकांना भिंतीवर पेटणारी काडीच हवी होती.” “म्हणजे पेटवणारे आपल्याकडे बिनधोक,” विंता म्हणाली, “आणि बुडवणाऱ्या?” हेड्डा खांदे उडवून पाण्यात खडे टाकायला लागली. बुडवणाऱ्यांचं काय व्हायचं हे हेस्लेविकमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी शिकवत नाही. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ. किडलेल्या दाताच्या भोकातून आत शिरते आणि जबड्याचं हाड आतून कुजवते. दात धड असतील तर काही होत नाही. म्हणून तर आरसा.

आणि आरसा म्हणजे आमचं घराणं. इथेच तर माझी सगळी गोची होती. येत्या शनिवारी मालकांचा दिवस, आणि यंदा त्यांच्या त्या काडीला दीडशे वर्षं होणार म्हणून मोठा सोहळा. दर वर्षी एका मुलीला निवडतात. ती चौकात उभी राहून पहिली काडी ओढते आणि दोन मिनिटं बोलते. यंदा मी. का, तर ओगस्ट. आईच्या आजीचा आजोबा. बुडवणी-घराचा मुकादम होता तो, आणि दर सोमवारी सकाळी सहा वाजता दारात खिडकीशी उभा राहून आत जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडात छोटा गोल आरसा घालून बघायचा. कीड दिसली की घरी, आणि प्रत्येकीची नोंद सोमवारच्या पुस्तकात; ते आता संग्रहालयाच्या कपाटात असतं. ही मालकांचीच कल्पना, आणि गुनवोर म्हणतात, त्या काळात युरोपात इतकी काळजी घेणारा कारखानदार सापडणार नाही. त्या सोमवारच्या आरशातूनच पुढे निधी निघाला, आणि निधीतून हेस्लेविकच्या प्रत्येक पोराचे दात अठरा वर्षांपर्यंत फुकट, माझी तारही. आई त्याच निधीच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करते, वीस वर्षं झाली. म्हणजे बघा, आरसेवाल्याची वंशज, दवाखान्यातल्या बाईंची मुलगी, नवे कोरे दात. गुनवोरना माझ्यापेक्षा बरी मुलगी शोधून सापडली नसती. त्यांनी मला कागद लिहून दिला होता. त्यातलं चौथं वाक्य असं: “माझ्या पूर्वजानं, ओगस्टनं, मालकांच्या विश्वासाला जागून बावीस वर्षं या गावच्या लेकींचे दात स्वतःच्या लेकीसारखे जपले.” हे वाक्य मी आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की ‘लेकीसारखे’वर किती वेळ थांबायचं, कुठे दात दिसू द्यायचे, सगळं ठरलं होतं. मला ते आवडायचं. खरं सांगते, मला स्वतःचा आवाज त्या वाक्यात फार आवडायचा. हेड्डा मात्र ते ऐकून दर वेळी नाक उडवायची, कारण त्यांच्या घरात वेगळीच गोष्ट सांगतात: ओगस्टनं त्यांच्या कुणा लोविसाला एका दाढेपायी हाकललं आणि त्यांचं कारखान्याचं घर गेलं. “जपले म्हणे,” हेड्डा म्हणायची, “तुझ्या त्या ओगस्टपायी आमचे लोक हिवाळाभर गोठ्यात राहिले. गोठ्यात! गाईंसकट.”

बुधवारची संध्याकाळ मी काहीही न करता काढली आणि तरी थकले. अभ्यासाला बसले आणि उठले. बटाटे सोलायला घेतले, तीन सोलले. ओठांवर हात जातो का हे बघत बसले तर हात मुद्दाम गप्प राहिला. बाबा टीव्हीवर काहीतरी बघून हसले, तेव्हा त्यांचा हात गेला नाही, कारण बाबा तीस मैलांवरच्या गावचे. मला वाटलं, म्हणजे हे रक्तात नाही, शिकवलेलं आहे. पण कुणी शिकवलं? कुणीच बसवून शिकवलेलं नाही. जेवताना काटा कुठल्या हातात धरायचा हे आई सांगायची, हे कधी सांगितलं नाही. मग एवढ्या घरांमधून, एवढ्या वर्षांतून, ते आलं कसं? पाण्यासारखं झिरपत? मला डोळ्यांपुढे सोमवारच्या त्या रांगेतल्या बायका दिसायला लागल्या, शाली डोक्यावरून घेतलेल्या, अंधारात, वाफा सोडणाऱ्या. ज्यांचे दात धड त्या गप्पा मारत असतील. ज्यांची दाढ ठणकते आहे त्या? त्या काय करत असतील? हसायची वेळ आली तर? रांगेत कुणी काही विनोद केला, आणि पुढे पाच पावलांवर मुकादम, तर त्या काय करतील? माझा हात वर आला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर, विंताला तेवढं सांगून, मी सरळ संग्रहालयात गेले. गुनवोर खूश झाल्या, त्यांना वाटलं सरावाला आले. मी म्हटलं, “मला सोमवारचं पुस्तक बघायचंय. आतून. ओगस्टबद्दल बोलणार तर त्याचं अक्षर तरी बघू दे.” त्या म्हणाल्या, “तुला नाही म्हटलं तर कुणाला हो म्हणू?” त्यांनी कपाटाची काच सरकवली, मला पांढरे सुती हातमोजे दिले, आणि स्वतः शनिवारच्या खुर्च्यांसाठी कुणाशी तरी फोनवर भांडायला गेल्या. पुस्तक एरवी एकाच पानावर उघडं असतं, त्या पानावर सगळ्याच निरोगी. मी मागेपुढे उलटायला लागले. ओगस्टचं अक्षर सुंदर होतं, हे कबूल करावं लागेल. डावीकडे नावं, मग रकाने, प्रत्येक रकाना म्हणजे एक सोमवार, आणि प्रत्येक चौकोनात एक शब्द: निरोगी, निरोगी, निरोगी. मध्येच कुठे: खालची दाढ, घरी. पुढे त्या बाईची ओळ कोरी. अठराशे शहाऐंशीच्या नोव्हेंबरात मला लोविसा सापडली, हेड्डाची. वय सतरा, वरची डावी, घरी. मला हेड्डाला तिथूनच फोटो पाठवावासा वाटला. तिच्या दोन ओळी खाली हुल्दा होती. हुल्दा ओगस्टची, वय एकवीस. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ओगस्टची म्हणजे ओगस्टची. त्याला मुलगी होती आणि ती आतच काम करत होती, आणि आमच्या घरात हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. निरोगी, निरोगी, नाताळातही निरोगी, अख्खा जानेवारी निरोगी, फेब्रुवारी निरोगी, सात मार्च निरोगी. चौदा मार्चचा चौकोन कोरा. त्यात कारण नाही, दाढ नाही, घरी असंही नाही. आणि बाकीची सगळी पुस्तकभर एकसारखी असलेली शाई हुल्दाच्या शेवटच्या काही चौकोनांत जास्त काळी वाटत होती, जणू लिहिताना टाक दाबून धरला असावा. किंवा मलाच तसं वाटलं असेल, मला त्या वेळी सगळंच तसं वाटत होतं. गुनवोर परत आल्या. मी विचारलं, “हुल्दा कोण?” त्या म्हणाल्या, “कुणी असेल. तेव्हा दर तिसरी मुलगी हुल्दा.” त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी ती ओळ कधी वाचलीच नव्हती. तेवढं मात्र मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं आणि का कोण जाणे, त्याचाच जास्त राग आला.

आई स्वयंपाकघरात हेरिंग तळत होती. मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी सहाला भर उजेड असतो, खिडकी उघडी होती, खाली कुणाची तरी मुलं सायकली शिकत होती. मी दप्तर टाकलं आणि म्हटलं, “आई, हुल्दा कोण?” तिनं मासा उलटला. फार नीट उलटला. “कुठे वाचलंस?” ती म्हणाली. कोण ते विचारलं तर कुठे वाचलंस म्हणते; म्हणजे माहीत आहे. “पुस्तकात. ओगस्टच्या.” “पुस्तक कपाटात असतं.” “गुनवोरनी दिलं.” “गुनवोर पण ना!” आई म्हणाली, आणि गॅस बंद केला. मग ती बसली, आणि तिच्या आजीनं तिला बारा वर्षांची असताना याच टेबलाशी सांगितलेलं तिनं मला सांगितलं, अगदी कमी शब्दांत, दवाखान्यात एखाद्याला काय करणार आहोत ते सांगावं तसं. हुल्दा तिच्या आजीची आत्या. सर्वसंतदिनाच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या, आठवड्यात तिचा डावा गाल सुजला. लवंग चावून, ब्रँडीनं गुळण्या करून ती कामाला जात राहिली. हसायची वेळ आली की हात धरायची. एप्रिलमध्ये तिला धुणं धुवायच्या खोलीत ठेवलं, कारण घरात वास सहन होईना. अंधारात तिच्या गालाला उजेड येतो असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणजे आजीचे वडील. म्हातारपणीसुद्धा ते काडी ओढायला घाबरायचे. जूनमध्ये गेली. “आणि ओगस्ट?” मी विचारलं. “ओगस्ट काय,” आई म्हणाली, “बाप होता तिचा.”

मी फोनवरचं कॅलेंडर काढलं आणि मागे सरकवायला लागले. ते जातं तितकं मागे, मला माहीत नव्हतं. वर्षांमागून वर्षं बोटाखालून घसरत गेली, त्यात आईचा जन्म गेला, युद्धं गेली, आणि मग अठराशे शहाऐंशी आलं, आपल्यासारखंच, सोमवार मंगळवार लावलेलं. एक नोव्हेंबर, सोमवार. तिथपासून सात मार्चपर्यंत मी मोजले. एकोणीस. परत मोजले. “आई, एकोणीस वेळा त्यानं तिच्या तोंडात आरसा घातला आणि एकोणीस वेळा निरोगी लिहिलं.” “मोजू नकोस,” आई म्हणाली. “लोविसाला त्यानं त्याच महिन्यात घरी पाठवलं.” “कारखान्याच्या घरात राहायचं तर दोन माणसं कामाला लागायची, तुवा. मालकांचा नियम होता तो. ओगस्ट एक, हुल्दा दुसरी. बाकीची पोरं लहान. तिला घरी बसवलं असतं तर सात माणसं रस्त्यावर, जानेवारीत. तू काय केलं असतंस?” “लोविसाचे गोठ्यात राहिले!” “हो,” आई म्हणाली. “आणि लोविसा एकोणनव्वद वर्षांची होऊन मेली. मला दिसतं ते. तुला काय वाटतं, मला दिसत नाही? रोज दहा माणसांच्या तोंडात बघते मी.” आणि आई रडली वगैरे नाही. तिनं मासा परत गॅसवर ठेवला.

बाबा आले, आम्ही जेवलो, बटाटे, मासा, कडक पाव. बाबांनी विचारलं, “इथे कुणी मेलं का?” आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मला हसू फुटलं, भयंकर, थांबेना असं. मग मी बाहेर गेले. तळ्याकाठच्या वाटेनं जवळजवळ पळतच. मला वाटत होतं, आता राग येईल तो मालकांचा येईल, आणि मग सगळं सोपं. मी पुतळ्यापर्यंत जाईन, काहीतरी ओरडेन, सोळा वर्षांच्या मुलीनं करायचं ते. राग येतही होता. बिनधोक काडी शोधूनही ज्यांनी पलीकडचं घर चालू ठेवलं, दोन माणसांचा नियम ज्यांनी केला, आणि आरसाही ज्यांनीच दिला. एका हातानं आरसा, दुसऱ्या हातानं नियम; आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस, त्याच्या पुढ्यात स्वतःच्या मुलीचं उघडं तोंड. पण राग तिथे थांबेना, तो ओगस्टकडे जायचा, आणि ओगस्टकडे गेला की विझायचा. कारण त्याला काय दिसलं ते मला दिसत होतं. पहिल्या सोमवारी त्याला खरंच नीट दिसलं नसेल. सकाळचे सहा, नोव्हेंबर, कंदील. दुसऱ्या सोमवारी दिसलं असेल आणि तो म्हणाला असेल, पुढच्या सोमवारी बघू. मला हे पुढच्या सोमवारी बघू फार ओळखीचं वाटलं. आणि तिनं? तिनं त्याच्याकडे बघितलं असेल का? की डोळे मिटून तोंड उघडलं असेल, दवाखान्यात आपण मिटतो तसे? ती रांगेत उभी असताना मागच्या बायकांना माहीत असेल की हिला सोडणार, बापच आहे. त्यांच्यातल्या एखादीनं हसण्यावारी काही म्हटलं असेल. आणि त्या सगळ्या हसल्या असतील. मला तळ्याच्या पाण्यात पाय घालावेसे वाटले, घातले, मे महिन्यात आमचं तळं म्हणजे सुऱ्या. जिभेनं मी दात चाचपले. एकूण एक सरळ, एकूण एक धड, निधीचे. हे मालकांचे दात आहेत असं मला वाटलं, आणि मग वाटलं, नाही, हुल्दाचे. तिच्याचपायी निधी निघाला असेल की काय, कुणाला ठाऊक, कुठे लिहिलेलं नाही. मग वाटलं, हे असं वाटणंही खोटंच, माझे आहेत ते, दुखले तर मलाच दुखतील. तेवढ्यात फोन वाजला. हेड्डा. “काय गं, पुस्तकात आमची लोविसा सापडली का?” तिला विंतानं सांगितलं असणार. मी म्हटलं, “सापडली.” “काय लिहिलंय?” “वरची डावी. घरी.” “बघ! सांगत होते ना, तुझा ओगस्ट कसा होता ते!” तिला खरं सांगितलं असतं तर ती जिंकली असती का हरली असती, हे मला त्या गार पाण्यात उभं राहून ठरवता येईना. “हेड्डा,” मी म्हटलं, “तो खूप वाईट होता असं तुला अजून दोन दिवस वाटू दे. मग सांगते.” “तू वेडी आहेस,” ती म्हणाली, प्रेमानं.

परत आले तर आई आणि बाबा टेबलाशीच. आईनं त्यांना सांगितलेलं दिसत होतं. बाबा रिकाम्या कपात चमचा फिरवत होते. कागद टेबलावर होता, गुनवोरचा. आई म्हणाली, “चौथं वाक्य गाळ. आजारी पडले म्हण, घसा बसला म्हण, नाहीतर तेवढं एक वाक्य गाळ आणि बाकीचं म्हण. कुणाला कळणारही नाही.” बाबा म्हणाले, “आनेली, तिला ठरवू दे.” “मी ठरवू नको म्हणतेय का? मी त्याच दवाखान्यात काम करते, होकान. निधीच्या. आणि ती चौकात उभी राहून माझ्याच घरच्या माणसाचं...” आईचं असं अर्ध्यात थांबलेलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती रोज अनोळखी माणसांना सांगते, तोंड उघडा, अजून थोडं, घाबरू नका. आणि आता तिचे ओठ पांढरे पडेपर्यंत मिटलेले होते. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि कागद फाडावासा वाटला, दोन्ही एकदम, आणि मी काहीच न करता उभी राहिले, पायांतून पाणी फरशीवर ठिबकत. वाक्य गाळणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी, दुसरा कागद. मी मोठी झाले असते, आणि कधीतरी माझ्या मुलीनं विचारलं असतं, आणि मी म्हटलं असतं, कुठे वाचलंस?

“वाक्य गाळणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता तितका खणखणीत आला नाही, पण आला. “वाक्य बदलणार आहे. शनिवारी मी चौकात हुल्दाचं नाव घेणार. लोविसाचंही. ओगस्टनं काय लिहिलं ते सांगणार, किती सोमवार लिहिलं ते सांगणार, आणि घर जाईल म्हणून लिहिलं हेही सांगणार, आणि तो दोन माणसांचा नियम कुणी केला होता तेही. निधीनं माझे दात सरळ केले हे पण म्हणेन, ते खरं आहे.”

“आणि गुनवोर?” आईनं विचारलं. “तू तिथे उभी राहून असं बोलायला लागलीस की ती बाई काय करणार? तिला काही कल्पना तरी आहे?”

“नाही. म्हणून उद्या शाळेच्या आधी मी त्यांच्याकडे जाणार आणि सगळं आधी वाचून दाखवणार, चोरून काही नाही. त्यांनी माझ्याऐवजी दुसरीला उभं केलं तर करू दे. मग मी खाली गर्दीत उभी राहीन आणि जो विचारेल त्याला सांगेन. आई, तू माझ्याबरोबर यायचंस की नाही ते तुझं तू ठरव. मी सात वाजता निघणार आहे.”